सरसकट कै.

"अहो, तुम्ही वारलात."

वत्सलाकाकूंनी चष्मा कपाळावर सरकवला, परत नाकावर घेतला, फोटोखालची पट्टी पुन्हा वाचली आणि मान वळवून जरा मोठ्यानं म्हणाल्या, "अहो, ऐकलंत का? इकडं या. तुम्ही वारलात म्हणे."

दिगूअण्णा कुलथे पलीकडच्या फोटोतली जुनी सर्व्हिस मोटार बघण्यात गुंगले होते. तिथूनच त्यांनी विचारलं, "कधी?"

"तारीख दिलेली नाही."

मी टेबलामागं बसले होते. पट्ट्यांवरचं अक्षर माझं होतं. काय लिहायचं ते मात्र वरून ठरून येत होतं.

ही गोष्ट शहाऐंशी सालची. मोरवण्याच्या इतिहास मंडळात मी नुकतीच चिकटले होते. गावातल्या माळवदे फोटोवाल्यांनी दुकान बंद केलं, तेव्हा त्यांच्या मुलानं वडलांच्या आयुष्यभराचा माल टेंपोत घालून आमच्या दारात आणून उतरवला. काचेच्या प्लेटा, पिवळे पडलेले फोटो, लग्नं, मुंजी, सत्कार, पैलवान, पूर आलेली नदी, पूर बघायला आलेले मामलेदार. सगळं गाव खोक्यांत भरून आलं होतं म्हणा ना. काही फोटोंच्या मागं नावं होती, काहींच्या मागं नुसतंच 'डोळे मिटले, परत काढणे'. त्यातले निवडक पुसूनपासून आम्ही तीन दिवसांचं प्रदर्शन मांडलं होतं, मंडळाच्याच हॉलात, मंडपवाल्याकडून आणलेल्या कनातीवर सुतळीनं टांगून.

मंडळाचे अध्यक्ष उकिडवे वकील. पट्ट्यांसाठी त्यांनी एक धोरण आखून दिलं होतं. फोटो स्वातंत्र्याच्या आधीचा असेल तर त्यातल्या प्रत्येकाला सरसकट 'कै.' लावायचं.

"आणि कुणी जिवंत असलं तर?" मी विचारलं होतं.

"असलं तर स्वतः येऊन सांगेल की! आणि गेलेल्याला 'श्री.' लावलं, तर तो येऊन सांगणार आहे का? चूक करायचीच तर दुरुस्त होणारी करावी, मंदाकिनी."

वकिलापुढं कोण बोलणार! तर त्या धोरणाप्रमाणं मी लिहून मोकळी झाले होते: 'मोरवणे हुतूतू संघ, १९३४. मध्यभागी ढाल घेतलेले कै. दिगंबर कुलथे.' आणि आता ते कै. स्वतः येऊन उभे होते. वकील नेमके तालुक्याला कोर्टात.

काकू टेबलापाशी आल्या. "ए पोरी, हे कपाळ बघ. कुंकू दिसतंय का तुला?"

"दिसतंय काकू."

"गेल्या शुक्रवारी देवीची ओटी भरून आले मी. पाचजणींनी हळदीकुंकू लावलं मला. आणि तू इथं बसून माझा नवरा मारतेस? वर सुतळीनं टांगून ठेवतेस?"

"चुकलं काकू. आत्ता खोडते." मी ब्लेड घेऊन उठले.

"थांब!"

अण्णा एसटीत कंट्रोलर होते. उभी हयात स्टँडवर गाड्यांची नावं पुकारण्यात गेलेली, तीही कर्ण्याशिवाय. त्या आवाजानं मी जागच्या जागी उभी राहिले.

"खोडू नकोस. राहू दे तसंच."

"काय राहू दे?" काकू कडाडल्या.

"अगं, मेल्याची खोटी बातमी उठली की माणसाचं आयुष्य वाढतं. विसरलीस का? आमच्या कुरुंदवाडच्या मावशीला नाही का कावळ्यांची जोडी नको त्या वेळी दिसली? ते दिसलं की माणूस वर्षात जातो म्हणतात. मग माझ्या बापानं काय केलं, सगळ्या सोयऱ्यांना तारा ठोकल्या, मावशी वारली म्हणून. सोयरे गळे काढत आले. बघतात तर मावशी चुलीपुढं भाकरी थापतेय! पुढं इतकी जगली, इतकी जगली की सोयरेच संपले."

"म्हणून तुम्ही हौसेनं कै. होणार?"

"फुकट मिळतंय तर का सोडा?"

काकूंनी कपाळावर हात मारून घेतला आणि माझ्याकडं वळल्या. "तुला म्हणून सांगते मंदा. यांना अंतर्गळ आहे. वाढत चाललाय. मिरजेचे डॉक्टर म्हणाले, साधं ऑपरेशन आहे, पण लांबवू नका. आतडं अडकून पीळ बसला तर मिरज गाठेपर्यंतसुद्धा वेळ मिळायचा नाही. आणि हे वर्ष झालं नुसता पट्टा आवळून हिंडतायत. मी पाया पडले, भांडले, दोन दिवस जेवले नाही. ढिम्म हलत नाहीत."

"भूल देतात गं ते!" अण्णा म्हणाले. मग माझ्याकडं बघून, "हुतूतूत माझा दम कधी कुणाला तोडता आला नाही. विचार कुणालाही. पण तो जागेपणी. भूल दिल्यावर दम कोण धरणार? डॉक्टर?"

ते हसले, पण बोलता बोलता त्यांचा हात शर्टाखालच्या पट्ट्यावर गेला आणि तिथंच राहिला. भ्यायला होता बिचारा माणूस. चांगलाच भ्यायला होता.

"हे बघ वत्सला," ते जरा खालच्या आवाजात म्हणाले, म्हणजे रस्त्यापर्यंतच ऐकू जाईल अशा. "ही पट्टी उद्याचा दिवस राहू दे. सोमवारी मी मिरजेला येतो."

काकूंनी चष्मा काढून हातात घेतला. एक वर्ष ज्याच्यासाठी जीव टाकला, ते असं अचानक समोर आलं होतं.

"शपथ?"

"शपथ. पण एक अट आहे. नुसतं लिहून भागत नाही. कुणीतरी रडायला पाहिजे. खरंखुरं, आतून. मावशीच्या वेळी दहाजणी रडल्या होत्या. मला एक पुरे."

"आणि नाही कुणी रडलं तर?"

"तर माझा पट्टा बरा नि मी बरा."

काकूंनी पट्टीकडं बघितलं. ओठ घट्ट मिटले. "एकच दिवस," त्या म्हणाल्या. "आणि माझ्याकडून काही अपेक्षा ठेवू नका. कपाळाला कुंकू लावून मी नवऱ्यासाठी रडायची नाही. अभद्र मेलं."

दुसऱ्या दिवशी मी हॉल उघडायला गेले तर अण्णा आधीच पायरीवर हजर. खोटी बातमी म्हटल्यावर ते गावात दिसून चालणार नव्हतं. त्यांना बरोबर त्या फोटोच्या मागं, कनात आणि भिंतीच्या सापटीत उभं केलं. मी स्टूल देऊ केलं.

"नको. बसलो की झोप लागते. झोपलो की घोरतो."

"मग बोलायचं नाही हं अण्णा. कुजबुजायचंसुद्धा नाही. तुमची कुजबुज दिंडीदरवाजापर्यंत जाते."

"मी एक शब्द बोलणार नाही," कनात म्हणाली.

लोक यायला लागले. आमच्या गावात लिहिलेल्या अक्षराला भारी मान. डोळ्यांनी बघितलेलं खोटं, पण पट्टीवर सुबक अक्षरात असलं की खरं. पहिले आले ते मंडईतले दोघं माळी.

"अरे, कंट्रोलर गेला का?"

"जाईल कसा? परवा तर माझ्याशी वांग्यांवरनं भांडत होता."

"म्हणूनच गेला. किती जोरात भांडायचा!"

"हो रे. वांगं हातात घेऊन असं दाबून दाबून बघायचा. एक वांगं म्हणून जागेवर सोडलं नाही." आणि दोघं पुढच्या फोटोकडं सरकले. कनात जराशी हलली. मी खोकले.

मग एक रिटायर ड्रायव्हर आले, नातवाला घेऊन. पट्टी वाचून त्यांनी टोपी काढली. मला वाटलं, आता काम झालं. मी श्वास रोखून बघत राहिले.

"माझ्या बहिणीच्या लग्नाला रजा दिली नव्हती यानं," ते नातवाला सांगायला लागले. "म्हणाला, लग्न काय, परत होईल, सांगली गाडी कोण काढणार? देव त्याच्या आत्म्याला शांती देवो. पण रांगेत उभं करून देवो."

कनातीमागून गुरगुरल्यासारखा आवाज आला. मी पुन्हा खोकले. इतकी की त्या आजोबांनी मला ज्येष्ठमधाची कांडी काढून दिली.

मधे हॉल रिकामा झाला तेव्हा मी स्वतः प्रयत्न करून बघितला. फोटोसमोर उभी राहिले, लहानपणी मेलेलं कुत्रं आठवलं, बीएला गेलेला विषय आठवला. एक टिपूस काढलं कसंबसं.

"तुझं चालायचं नाही," कनातीमागून निवाडा आला. "नुसतं डोळ्यांतून आलंय ते."

दुपारी एक म्हातारी आजी आल्या, खेड्यातल्या, नऊवारी, हातात कापडी पिशवी. फोटो बघत बघत त्या बरोबर तिथं थांबल्या आणि बघता बघता पदर डोळ्यांना लावला. मग हुंदका. मग दुसरा. खांदे गदगदा हलायला लागले. मी टेबल सोडून धावले.

"आजी, ओळखत होता का त्यांना?"

"माझी हाय गं ती!" आजींनी हंबरडा फोडला. "माझी चंद्री!"

बोट हुतूतूच्या फोटोकडं नव्हतंच. शेजारच्या, पुराच्या फोटोकडं होतं. पाण्यात दोन शिंगं तेवढी वर दिसत होती.

त्यांना पाणी पाजून, पाठीवरून हात फिरवून वाटेला लावलं. त्या दाराबाहेर पडल्यावर कनातीमागून अगदी बारीक आवाजात प्रश्न आला. एवढा बारीक आवाज अण्णांना काढता येतो हे मला त्या दिवशीच कळलं.

"माझ्यासाठी होतं?"

"म्हशीसाठी होतं, अण्णा."

मी पुराचा तिरका झालेला फोटो सरळ केला. मग, "चांगली असेल म्हैस."

चारच्या सुमाराला उकिडवे वकील आले ते बाहेरून बातमी घेऊनच. दाराशी चपला काढता काढताच आवाज लावला, "मंदाकिनी, अगं आपले कुलथे गेले म्हणे! मंडईत सगळे बोलतायत. मला कुणी कळवलंच नाही!"

"अहो वकीलसाहेब, ते तुम्हीच—"

"मीच कळवायला हवं होतं, खरं आहे. मंडळातर्फे काहीतरी करायला पाहिजे."

"तसं नाही हो! ते धोरण, आपलं ते सरसकट—"

"माणूस गेलाय मंदाकिनी, आणि तुला धोरणाचं पडलंय?" त्यांनी फोटोपुढं जाऊन पट्टी वाचली आणि समाधानानं मान डोलावली. "बघ. आपल्याकडं नोंद आधीपासून बरोबर होती."

आता या माणसाला काय सांगायचं! हॉलात होते नव्हते तेवढे लोक त्यांनी फोटोसमोर गोळा केले आणि भाषण ठोकलं. कुलथ्यांच्या जाण्यानं गावाच्या वाहतुकीत पोकळी निर्माण झाली, वगैरे. कुणाचा डोळा ओला झाला नाही. एकानं जांभई दिली. मग वकील म्हणाले, "दोन मिनिटं शांतता पाळू या."

सगळे माना खाली घालून उभे. आणि सकाळपासून धूळ खात उभ्या असलेल्या अण्णांच्या घशात नेमकी त्याच वेळी खवखव उठली. मला कळलं, कारण कनात थरथरायला लागली. मी देवाचा धावा सुरू केला. तेवढ्यात कनातीमागून बारीक, एकसुरी आवाज यायला लागला, "हुतूतूतूतूतूतू..." खोकला दाबायला माणसानं दम धरला होता.

वकिलांनी एक डोळा उघडला. "काय आहे ते?"

"पंखा," मी म्हटलं.

वकिलांनी वर बघितलं. वर पंखा नव्हता. पण दोन मिनिटं मोडायची नाहीत म्हणून त्यांनी डोळा परत मिटला. शांतता संपायला आणि "तूतू" संपायला एकच गाठ पडली. खरंच, त्या वयातसुद्धा काय दम होता!

संध्याकाळी लोक पांगले. वकील मंडळाचा श्रद्धांजलीचा ठराव लिहायला आतल्या खोलीत गेले. मी कनातीपाशी जाऊन हळूच म्हटलं, "अण्णा, बाहेर या आता. पाय दुखले असतील."

"अजून बंद व्हायला वेळ आहे ना?"

"आहे थोडा."

"मग बघू." मग तेच म्हणाले, "मंदे, तीस वर्षं या गावाला मी गाडीत बसवलं गं. सणाला, लग्नाला, बाळंतपणाला. एक गाडी चुकू दिली नाही कुणाची. एकानं तरी..."

दिवसभर मला हसू दाबावं लागत होतं, पण आता दाबायला हसूच उरलं नव्हतं. सोमवारी हा माणूस मिरजेला जाणार नाही हे मला दिसत होतं. पट्टा आवळून घरी बसेल आणि एक दिवस पीळ बसेल. एका म्हशीला जेवढं जमलं तेवढं या माणसाला जमलं नाही म्हणून.

तेवढ्यात काकू आल्या, हातात डबा. "रडलं का कुणी?" त्यांनी दारातूनच विचारलं.

मी नाही म्हणून मान हलवली.

"मी सांगितलंच होतं." डबा टेबलावर आपटला. तरातरा फोटोपाशी गेल्या. मला वाटलं आता पट्टी फाडणार. पण त्या कमरेवर हात ठेवून फोटोतल्या अण्णांनाच बोलायला लागल्या.

"बघा कसे उभे आहेत. ढाल काय धरलीय! जशी काही यांनी एकट्यानंच जिंकली. छाती काय फुगवलीय! लग्न ठरताना याच फोटोला भुलले मेली मी. म्हटलं, कसा वाघासारखा आहे. घरात आल्यावर कळलं, वाघ पालीला घाबरतो." त्यांनी पट्टीवर बोट ठेवलं. "कै. म्हणे. कै.! मला विचारलंत? एवढी घाई झाली होती तर..."

बोट पट्टीवरच राहिलं. मान खाली गेली, आणि काकू मटकन खालीच बसल्या आणि रडायला लागल्या. कसं रडणं ते! तोंडावर पदर नाही, आडोसा नाही, लहान पोरासारखं भोकाड पसरून. आतल्या खोलीतून वकिलांची खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

आणि कनात फाटते की काय अशी बाजूला होऊन अण्णा बाहेर आले. केसांत जळमटं, शर्ट घामानं चिकटलेला, आणि चेहरा असा फुललेला की काय सांगू!

"रडली! वत्सला रडली! मंदे, तू साक्षीदार! आतून रडली का नाही? आतून होतं ना?"

"आतूनच हो अण्णा!" मी ओरडले. माझ्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि हसूही येत होतं.

"झालं तर मग! चला! मिरज, मिरज, मिरज! सोमवारची पहिली मिरज!" हॉल दणाणला. ठराव हातात घेऊन दारात आलेले वकील ते बघून भिंतीला टेकले आणि त्यांनी राम राम म्हणायला सुरुवात केली.

काकूंनी नाक पुसलं, उठल्या, आणि पहिलं काम म्हणजे ती पट्टी टरकावून तिचे तुकडे तुकडे केले. नवी पट्टी माझ्याकडून तिथंच लिहून घेतली. 'श्री.' दुप्पट मोठा काढायला लावला. वकिलांनी नंतर धोरण बदललं, म्हणजे मी बदललं आणि त्यांनी सही केली.

सोमवारी अण्णा मिरजेला गेले. मंगळवारी ऑपरेशन झालं, व्यवस्थित झालं. शनिवारी मी त्यांना बघायला गेले, तर नर्सबायांना गोळा करून सांगत होते, "मला काय होणार? मी आधीच जाऊन आलोय! शोकसभा झालीय माझी, ठराव झालाय!" त्यांना हसायची मनाई होती, टाके होते म्हणून. त्यामुळे ते पोट धरून दुसऱ्यांना हसवत होते.

काकू बाहेर व्हरांड्यात बाकावर मोसंबी सोलत बसल्या होत्या. मी शेजारी टेकले.

"काकू, एक विचारू? तुम्ही तर म्हणाला होतात, मी रडायची नाही."

"हो. नव्हतीच रडायची."

"मग खोटं रडलात?"

"खोटं? मला येतं तरी का?" त्यांनी एक फोड मला दिली, एक स्वतःच्या तोंडात टाकली. "अगं, कनात तोकडी होती तुमची. खालून पाय दिसत होते त्यांचे."

दिवसभर मी फोटोंवर नजर ठेवून होते, लोकांच्या चेहऱ्यांवर ठेवून होते. खाली बघायचं सुचलंच नव्हतं.

"चवड्यांवर उभे होते," काकू म्हणाल्या. "आपण कुणाला दिसू नये म्हणून. सकाळपासून तसेच असतील. पावलं सुजून ही एवढी झालेली. बहात्तर वर्षांचा माणूस गं, आणि अजून जगायला मिळावं म्हणून पोरासारखा पडद्याआड लपून उभा. त्या पट्टीला कोण रडतंय? मी ते पाय बघून रडले."